मामांचं ब्लीच

स्वतःच्या तोंडावर माझ्या मामांइतकी माया केलेला माणूस अख्ख्या खटाव तालुक्यात झाला नसेल. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन वडूजला परतले, तरी रोज सकाळी चेहऱ्याची परेड चालूच. आधी साय, मग बेसन, मग तुरटी. आणि ज्वारीला पाणी पाजायला निघाले तरी डोक्यावर छत्री. मयताला जातानासुद्धा पावडर लावत. मामी चिडली की म्हणायचे, "मेल्याला दिसत नसलं तरी बाकीच्यास्नी दिसतंय न्हवं!"

नव्वद सालानंतर मी कराडजवळ मलकापुरात घराच्या पुढच्या खोलीत बायकांचं पार्लर काढलं. नुकतंच कुठं बस्तान बसत होतं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला चार दिवस उरले असताना मामा दारात उभे. "व्हिडिओ शूटिंग हाय. ब्लीच कर." खुर्चीतली बाई एकच भुवई कोरलेली घेऊन पळाली. मी नको नको म्हटलं, पण ऐकतील तर मामा कसले! शेवटी ब्लीच लावलं, डोळ्यांवर गुलाबपाण्याचे बोळे ठेवले आणि बजावलं, "मामा, हे डोळ्यात जाता कामा नये. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही."

"पोरी, मी बॉर्डरवर डोळ्यात तेल घालून हुबा हुतो. मला काय शिकिवतीस?"

पाचव्याच मिनिटाला, आपण किती गोरे झालो हे बघायला त्यांनी बोळा उचलला. भुवईवरचं ब्लीच थेट डाव्या डोळ्यात. "मेलो गं!" मी मुंडी धरून नळाखाली घातली. वीस मिनिटं नुसतं पाणी. "आगं सोड, बुडून मरंन!" मामा ओरडत होते, मी रडत होते. मग रिक्षानं कराडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. बुबुळाला भाजलं होतं. "लगेच धुतलंत म्हणून डोळा वाचला," डॉक्टर म्हणाले.

लग्नात मामा डोळ्याला पट्टी बांधून मिरवले. विचारेल त्याला सांगायचे, "गांधीलमाशी चावली." संध्याकाळपर्यंत ती माशी चिमणीएवढी झाली होती, पण माझ्या पार्लरचं नाव त्यांनी मामीलाही कळू दिलं नाही.

मी मात्र पार्लरला कुलूपच लावलं. महिन्यानं मामा आले, कुलूप बघून चिडले. "एवढ्याशानं भ्यायलीस व्हय? उघड." आणि सरळ खुर्चीत बसले. "ब्लीच नगं. माती लाव, पर लाव."

मी मुलतानी माती कालवली. डोळ्यांपासून चांगली चार बोटं लांब लावली. बघते तर मामा घोरायला लागलेले. झोपेत ऐट उतरलेला तो चेहरा मी पहिल्यांदाच बघत होते. थकला होता, म्हातारा झाला होता. माती वाळून तडकली, तरी मी त्यांना उठवलं नाही.