भटू आण्णाच्या दुकानातले जॅझवाले म्हातारे

रिवाइंडिंगच्या दुकानात पंपाच्या जळक्या मोटारी साठतात ना, तसे आमच्या रविवार मंडळाचे किस्से साठलेत. कोणी घेऊन जात नाही आणि टाकवतही नाहीत! लोक म्हणतात, "शहाद्यात जॅझ? काहीही!" त्यांना पटवायचा नाद मी सोडलाय. सांगायचा मात्र सोडलेला नाही.

मंडळ म्हणजे पाच माणसं. मार्केट यार्डाजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारे भटू आण्णा. नवापूरचे पोल्ट्रीवाले जयंतीभाई. तळोद्याहून डोंगरात जीप नेणारे रुत्यादादा पावरा. लग्नाच्या बँडमध्ये अख्खी उमर क्लॅरिनेट वाजवलेले, प्रकाशा गावचे सुकलाल मास्तर. आणि मी, कॉलेजातला ग्रंथपाल, म्हणजे कव्हरवरचं इंग्रजी वाचून दाखवणारा.

सुरुवात जयंतीभाईंनी केली. सुरतच्या एका भंगारवाल्याकडून त्यांनी रेकॉर्डींचं खोकं आणलं. सगळ्या एकाच जुन्या जॅझ कंपनीच्या. मी मागचा मजकूर वाचला. कंपनीने आपल्या जुन्याजाणत्या वादकांना परत बोलावून प्रत्येकाची एकेक रेकॉर्ड काढली होती.

"म्हणजे सगळे म्हातारेच?" जयंतीभाई हिरमुसले.

मास्तर म्हणाले, "मंग कोनले बलावतीन? पोऱ्यास्ले काय येस?"

* * *

आण्णांनी नियम केला. प्रत्येकाने आपली एक आवडती रेकॉर्ड निवडायची. ती लागली की दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या. मध्ये कोणी बोललं, की सुई परत पहिल्यापासून!

जयंतीभाईंनी एका ड्रमवाल्याची निवडली. पण त्या माणसाला "वाह!" म्हटल्याशिवाय राहवतच नाही. "वाह!" झालं की आण्णा शांतपणे उठायचे आणि सुई उचलायचे. जयंतीभाईंनी तोंडात रुमाल कोंबून पाहिला. मग मांडीवर थाप मारली. आण्णांनी तीही धरली!

त्यांच्या रेकॉर्डीची दुसरी बाजू आम्ही दीड महिना ऐकलीच नाही.

* * *

रुत्यादादांची निवड आम्हाला कळेना. रेकॉर्ड डबल बासवाल्याची. उभ्या माणसाएवढं ते वाद्य, आणि अख्ख्या रेकॉर्डीत नुसतं डुम्म, डुम्म.

"दादा, यात काय आवडलं?" मी विचारलं.

दादा आमच्याशी मराठीतच बोलतात, मोजून. म्हणाले, "सर, आमच्या होळीला मोठा ढोल असतो. तो एक माणूस धरतो. बाकीचे नाचतात. नाचणारा चुकला तर लोक हसतात. ढोलवाला चुकला तर गाव चुकतं."

मग त्या डुम्मकडे बोट करून म्हणाले, "हा चुकत नाही."

तेव्हापासून ती रेकॉर्ड लागली की मीही फक्त तेवढंच ऐकतो. खरं सांगतो, मला ग्रंथपालाला ते आधी कोणी शिकवलं नव्हतं.

* * *

मास्तरांची रेकॉर्ड अर्थातच क्लॅरिनेटची. वाजवणारा म्हातारा मास्तरांच्याच वयाचा. पहिल्या दिवशी मास्तर ती दोनदा ऐकून घरी गेले. पुढच्या रविवारी क्लॅरिनेटची पेटी घेऊनच आले. डीजेच्या गाड्या आल्यापासून ती पेटी उघडली नव्हती.

"हाई आख्खी मी बसाडसू. दोन्ही बाजू," ते म्हणाले.

रोज सकाळी प्रकाशाच्या घाटावर, तापीच्या कडेला रियाज. दर्शनाला आलेली माणसं थांबून ऐकायची. एका बाईंनी हात जोडून विचारलं, "बाबा, कोणत्या देवाची आरती ही?"

मास्तर म्हणाले, "अमेरिकाना एक महाराज शेत. भलता कडक!"

बाईंनी नदीकडे तोंड करून नमस्कार केला.

* * *

सहा महिन्यांत मास्तरांनी दोन्ही बाजू बसवल्या. आम्ही पेढे आणले. आणि त्याच दिवशी जयंतीभाईंनी मोबाईलवर तीच रेकॉर्ड शोधून लावली.

मोबाईलमधला म्हातारा पळत होता! सूरही वर चढलेला.

"मोबाईल बिघडलाय," आण्णा ठामपणे म्हणाले. मी कव्हर पाहिलं. पहिल्या बाजूचा वेळ वीस मिनिटं छापलेला. घड्याळ लावलं. आमच्याकडे ती बाजू चोवीस मिनिटं चालली.

आण्णांचा चेहरा पडला. रेकॉर्ड प्लेअरची मोटार त्यांनीच दुरुस्त केली होती. जुनी पुली झिजलेली, म्हणून लेथवर नवी करून बसवली, आणि ती जराशी लहान झाली, म्हणून तबकडी हळू फिरायची. आम्ही आजवर सगळे म्हातारे सावकाश ऐकत होतो आणि वयाचा मान म्हणून चालवून घेत होतो!

खरा घाव मास्तरांवर होता. वेग वेगळा, सूर वेगळा, म्हणजे बोटं सगळी नव्याने. सहा महिने पाण्यात.

आण्णा कळवळून म्हणाले, "मास्तर, ऱ्हाऊ द्या ना. पुली तीच ठेवसूत. आपलेच ऐकनं शे. कोनले समजी ऱ्हायनं?"

मास्तरांनी रेकॉर्ड प्लेअरवरून उचलली.

"माले समजनं ना," ते म्हणाले. "बदल पुली."

* * *

नव्या पुलीवर पहिली बाजू निम्मी बसली आणि मास्तरांचे वरचे दात हलायला लागले. क्लॅरिनेटवाल्याचे वरचे दात म्हणजे जीपचं स्टिअरिंग. पिपाणीचं तोंड त्यांच्यावरच टेकतं.

नंदुरबारला दाताच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, "काढावेच लागतील. कवळी बसेल. पण वाजवणं... बाबा, आता आराम करा ना."

मास्तरांनी विचारलं, "कवळीवरी कोनी वाजाडं शे का आजलोंग?"

"माझ्या पेशंटमध्ये तरी कोणी नाही."

"मंग मीच पहिला व्हसू. काढा दात!"

नवी कवळी आली आणि पहिल्याच फुंकीला ती क्लॅरिनेटसकट बाहेर आली. आम्ही कोणीच हसलो नाही. मास्तर एकटे हसले, कवळी धुतली, परत बसवली. दुसऱ्यांदा सूर निघण्याऐवजी शिट्टी निघाली. महिनाभर शिट्टीच निघत होती. मला वाटायचं, यांना कोणीतरी थांबवावं. मी थांबवणार नव्हतो, आणि बाकीचेही नव्हते. नंदुरबारहून परत येताना बसमध्ये मास्तर हळूच म्हणाले होते, "सर, वाजाडानं गयं तं मी नुस्ता म्हतारा ऱ्हासू."

दोन पावसाळे गेले. पहिली बाजू बसली. दुसरी मात्र शेवटाला दगा द्यायची. तिथे अमेरिकन म्हातारा एकदम उसळतो, आणि मास्तर प्रत्येक वेळी चार पावलं मागे राहायचे.

* * *

गेल्या उन्हाळ्यातला एक रविवार. दुपारचं ऊन, शटर अर्धं खाली. मास्तर म्हणाले, "लाव दुसरी बाजू."

रेकॉर्ड सुरू झाली, मास्तरही सुरू झाले. एकास एक, जोडीने. जयंतीभाईंनी दोन्ही हात स्वतःच्याच मांड्यांखाली दाबून धरले होते. रुत्यादादांचा अंगठा स्टुलावर ठेका धरून होता, आवाज न करता.

अर्धी बाजू झाली आणि लाईट गेली!

पंखा थांबला. रेकॉर्ड फिरता फिरता मंदावली आणि थांबली. आण्णा उठायला लागले, तर दादांनी त्यांचा शर्ट धरून खाली बसवलं.

कारण मास्तर थांबले नव्हते. डोळे मिटलेले. घामाची धार गळ्यापर्यंत. ती दगा देणारी जागा आली, आणि मास्तर उसळले. सूर फाटला नाही, कवळी हलली नाही. पुढचं सगळं वाजवून त्यांनी शेवटचा सूर लांबवला, लांबवला, आणि सोडला.

आम्ही नियम पाळला. जयंतीभाईंचे हात अजून मांड्यांखालीच होते.

मास्तरांनी पंच्याने तोंड पुसलं, क्लॅरिनेट सुटं करून एकेक तुकडा पेटीत ठेवायला घेतला. तेवढ्यात लाईट आली. पंखा गरगरला, रेकॉर्ड फिरायला लागली, आणि म्हातारा जिथे अडकला होता तिथून वाजवायला लागला.

आण्णांनी विचारलं, "मास्तर, बंद करू?"

मास्तर पेटीची कडी लावत म्हणाले, "कसाले? येऊ दे त्याले सावकाश. मी पुढे यी बठनू."