मेल उघडल्याची खूण

मुरबाडजवळ फार्महाऊसचे प्लॉट विकणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला होते. जाहिरातीचे मेल पाठवायचे आणि ते कितपत लागू पडतात ते साहेबांना सांगायचं, हे माझं काम. मेलमध्ये डोळ्यांना दिसणार नाही एवढंसं चित्र दडवलेलं असे. कुणी मेल उघडला की ते आमच्याकडे खूण पाठवी. त्या चोंबडेपणाची मला तेव्हा गंमतच वाटायची.

सुरुवातीला चाचणीसाठी घरच्यांचेच पत्ते घातले होते, त्यात दादाचाही होता. त्याच पावसाळ्यात दादा हिवतापानं गेला. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर बसून नुसता बघत राहिला. वहिनीला सांभाळू, पोराला शिकवू, सुचेल ते आम्ही हात जोडून कबूल केलं. शेवटी दर्भाचा कावळा शिवला असं मानून उठलो.

माळाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. सिद्धगडाखालचा आमचा नाचणीचा माळ माझ्याच कंपनीला हवा होता. दादा होता तोवर त्यानं तो विकू दिला नाही. तो गेल्यावर बाबांचं अवसानच गळालं आणि ते तयार झाले.

व्यवहार व्हायच्या आधीच साहेबांनी माळाची जाहिरात सुरू केली. रिपोर्ट उघडला तर दादाच्या पत्त्यासमोर खूण. मी मागचे रिपोर्ट काढून बघितले. बाकीच्या प्लॉटांचे मेल तिथे बंदच असत. माळाचा मात्र गेला रे गेला की उघडे.

वहिनीला विचारलं.

"नाय गो, त्यांचा पासवर्ड मला कुठं ठाव? तो कॉम्प्युटर तर कवाच बंद पडलाय."

साहेब म्हणाले, सॉफ्टवेअरचा घोळ असेल. असेलही. पण घोळाला बरा आमचाच माळ सापडला!

एका दुपारी मी फक्त त्या पत्त्यावर लिहिलं, 'दादा, माळ विकत नाही.' खूण लगेच उमटली. त्यानंतर माळाची जाहिरात पुन्हा गेली, तेव्हा त्याच्याकडे ती उघडलीच नाही. मी टेबलाशी बसून रडले. त्याला शब्द देऊन बसले होते आणि बाबांना काही विचारलंच नव्हतं.

सहीच्या आदल्या दिवशी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं,

"त्यानं वाचलाय ना?"

"हो."

"मग आता फिरता येनार नाय. साहेबाला सांग तुझ्या."