बर्वे मॅडमची जाळीची भिंत

बर्वे मॅडम साइटवर आल्या की आधी चपला काढायच्या आणि भर दुपारी स्लॅबवर अनवाणी उभ्या राहायच्या. मी नवा इंजिनिअर, त्यात आमच्या घरातला पहिला पदवीधर. वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. "ये, तूही उभा राहा," त्या म्हणाल्या. चटका बसून मी पाय उचलला. "याच्याखाली बाळंतीण झोपणार आहे. कागदावर हे दिसत नाही रे."

नाशिकच्या आर्किटेक्ट, साठीच्या, बारीक अंगाच्या. हरसूलकडे एका संस्थेच्या दवाखान्याचं काम होतं. तिथे उन्हाळ्यात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही. "सोलर लसींच्या फ्रिजला आणि बाळंतपणाच्या खोलीला. बाकी इमारतीला विजेवाचून जगता आलं पाहिजे," हे त्या प्रत्येक बैठकीत सांगायच्या.

एकदा चांदवडला आमच्या घरी आल्या आणि माझ्या वडिलांशी, दादांशी, कांदाचाळीत तासभर बोलत बसल्या. दादा म्हणाले, "बाई, खालून वारं आत गेलं आन् वरून निघालं, की कांदा लय दिवस टिकतो. कोंडला की सडला." मॅडमनी वहीत चाळ काढून घेतली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चाळीतून सुटायलाच तर मी शिकलो होतो. आणि मॅडमनी बाळंतिणींच्या वॉर्डाला तशीच भिंत दिली: खाली विटांची जाळी, वर छपरालगत झरोके.

भिंती उभ्या राहिल्या आणि मॅडम आजारी पडल्या. उपचारासाठी लेकीकडे मुंबईला गेल्या. काम माझ्यावर आलं. संस्थेचे अध्यक्ष अण्णा वॉर्डात शिरले आणि थांबले. "सायेब, दवाखाना हे का कांदाचाळ? उद्घाटनाला पाव्हणे येतील, हसतील. बुजवा हे. एसी लावू."

मॅडमना विचारतो, एवढं म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. खरं सांगतो, अण्णा माझ्याच मनातलं बोलले होते. दोन दिवसांत जाळी आणि झरोके बंद झाले. वरून गुळगुळीत प्लास्टर. भिंत मला आवडली.

उद्घाटनानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात वीज गेली. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तर वॉर्ड रिकामा, खाटा बाहेर पडवीत. एक आजी नातवाला पदराने वारा घालत होती. "आत नाय बसवत, भाऊ. नुसती भट्टी हे. पोराच्या अंगावर पुरळ उठलंय."

मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.

"तुला चाळीची लाज वाटली ना?"

"हो, मॅडम."

"मी दादांना विचारलं. तुला विचारायचं राहिलं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "उघड ती जाळी."

अण्णा ऐकेनात. "आत्ताच केलेलं प्लास्टर फोडू? लोक शेण घालतील माझ्या तोंडात."

मुंबईला भेटायला गेलो तेव्हा मॅडमचा आवाज पार बसला होता. "बाळंतिणी कुठे झोपतात आता?"

"आतच, मॅडम."

"वारं लागतं?"

"लागतं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. पंधरा दिवसांनी गेल्या.

जाळी पदरच्या पैशाने उघडतो, असं मी संस्थेला तीनदा लेखी दिलं. उत्तर नाही. यंदाही एप्रिल लागला तशा खाटा पडवीत आल्या. दुपारी तीननंतर तिथेही ऊन येतं. मग बायका बाळांसकट खाटा ओढत दुसऱ्या टोकाला नेतात.