सोमलिंगआप्पा विमानात जागा लावतात

सोमलिंगआप्पांनी चंदगड गाडीवर उभी हयात कंडक्टरकी केली. गाडीत उभा माणूस त्यांना बघवत नसे. "पावणं, व्हा की आत! बाई, पिशवी काय तिकीट काढून बसलीया व्हय?" असा दणका देत ते तिघांच्या बाकावर चौघं बसवायचे, आणि चौघंही वर त्यांचंच नाव काढायचे. लोकांची सोय म्हणजे आप्पांचा जीव की प्राण. घरच्यांची सोय मात्र त्यांच्या ध्यानातच यायची नाही. घरची माणसं म्हणजे आपलीच, त्यांना काय विचारायचं? बायको रत्नव्वा त्यांच्याच गाडीनं माहेरी निघाली, की तिला उठवून ते दुसऱ्याला बसवत. पब्लिक म्हणायचं, काय देवमाणूस हो!

निवृत्तीनंतर, दोन हजार पाच साली, दिल्लीत नोकरीला असलेल्या शिवकुमारनं आईबापाला विमानाची तिकिटं काढून दिली. कारण एकच, रत्नव्वाचा उजवा गुडघा. त्यात पाणी झालेलं, पाय दुमडून बसलं की तिचा जीव जायचा. "आईला कडेची जागा घेतलीया, पाय लांब करंल. आप्पा, तेवढं बघा," असं पोरानं फोनवर पुन्हा पुन्हा बजावलं. आप्पा उखडले. "जागेचं मला शिकवतोस व्हय रं?"

पुण्याला विमानात चढले. आप्पा खिडकीशी, रत्नव्वा कडेला आणि मधे तान्हं पोर घेतलेली एक बाई. तिचा नवरा पार शेवटच्या रांगेत, खिडकीशी. बाईनं मान वळवून मागं बघितलं मात्र, आप्पांच्यातला कंडक्टर जागा झाला.

"रत्ना, जा तू मागं. ह्येंच्या मालकास्नी हितं बसू दे."

"आजींना चालेल ना?" तिचा तरुण नवरा बिचारा पुढं येऊन विचारत होता.

"तिला काय धाड भरलीया?"

रत्नव्वा सीटांच्या पाठी धरत, लंगडत मागं गेली. आप्पांना फार बरं वाटलं.

विमान वर गेल्यावर शेजारच्या बाईनं पाठ मागं पाडायचं बटण दाखवलं. पण आप्पा काय असेतसे नव्हेत. मागच्याला न विचारता त्याच्या अंगावर रेलणारा माणूस त्यांच्या लेखी जनावर. ते उठले, मागं वळले आणि गाडीतल्या आवाजात म्हणाले, "पावणं, जरा रेलू काय?"

मागं टायवाला होता. म्हणाला, "माझा लॅपटॉप दबेल."

"मग तुम्ही बी रेला की!"

टायवाल्याच्या मागं एक ढेरपोटे शेटजी. त्यांनाही आप्पांनी रेलायला लावलं. शेटजी मागं वाकून बघत म्हणाले, "पण मागे बाई आहेत. त्यांना अडचण होईल."

"ती व्हय? ती आमचीच मंडळी हाय. बिनघोर झोपा!"

धाडधाड तिन्ही सीटा मागं पडल्या. शेवटच्या रांगेची पाठ भिंतीला टेकलेली, ती हलायची नाही, हे आप्पांच्या गावीही नव्हतं. टायवाला म्हणाला, "काका, असे मॅनर्स हल्ली कुठे राहिलेत!" आप्पा लाजले की हो!

मग ते लघवीला म्हणून मागं गेले, आणि थबकले. शेटजींची सीट रत्नव्वाच्या छातीशी आलेली, दुमडलेला गुडघा खाली अडकलेला. पदराचा बोळा तोंडात धरून बाई रडत होती.

आप्पांनी शेटजींना हलवलं. शेटजी म्हणाले, "पुढची सीट माझ्या पोटावर आहे. आधी त्यांना उठवा." टायवाला म्हणाला, "काका, आधी तुमची सीट वर घ्या." आप्पांच्या सीटवर त्या बाईनं पोर निजवलं होतं. आप्पांनी ते उचलून तिच्या हातात दिलं आणि सीट सरळ केली. पोरानं टाहो फोडला. "काही माणुसकी आहे की नाही?" असं म्हणत टायवाल्यानं आपली सीट तशीच ठेवून डोळे मिटून घेतले. शेटजी तर केव्हाच घोरायला लागले होते.

आप्पा परत मागं आले. तोंड एवढंसं झालेलं.

"आता काय करू गं?"

"समद्या इमानाला इचारलासा," रत्नव्वा कण्हत म्हणाली, "आन् मला आत्ता इचारतायसा व्हय?"