सर्व्हरला लावलेलं कुंकू

दसऱ्यानंतरचा सोमवार. आमच्या दूध संस्थेत हजर: मी सचिव, अध्यक्षकाका आणि धाराशिवहून आलेली एक तंत्रज्ञ.

मुख्य संगणक अखेरच्या घटका मोजत होता आणि नोंदींची प्रत ठेवणारा बॅकअप सर्व्हर संपर्कात नव्हता. बाईंनी ओढणी खोचली, कोणतं यंत्र उत्तर देतंय ते बघायला काळ्या पडद्यावर ‘पिंग’ लिहिलं. राउटरचं उत्तर आलं, सर्व्हरचं नाही. केबल चाचपत त्या कोपऱ्यात पोचल्या आणि हसल्या.

“काका, केबल काढून पूजा केली व्हय? खाचेत कुंकू हाय!”

“यंत्राची पूजा न्हाय करायची?”

“करा की! पण कपाळाला लावा, तोंडात कोंबू नका.”

ब्रशनं खाच साफ केल्यावर सर्व्हरची उत्तरं ओळीनं येऊ लागली. प्रत पूर्ण होईपर्यंत त्या उठल्या नाहीत. काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, “आपल्या जिल्ह्याची लेक हाय!” माझीही मान ताठ झाली होती.

“प्रत एकदा उघडून बघा,” जाताना त्या म्हणाल्या. ते माझ्याकडून अजून राहिलंय.