काकूंच्या गोधडीसाठी मशीन

चार बायका दर बुधवारी एका टेबलाभोवती शिवायला बसल्या की शिवण किती झाली हे विचारू नये. किस्से मात्र भरपूर होतात. चिंध्यांसारखेच ते टेबलाखाली साठत जातात आणि केर काढायला वाकलं की एकेक हाताला लागतो. परवा बहिणीला फोनवर सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की यंदाचे आमचे सगळे किस्से एकाच गोधडीचे आहेत. म्हटलं, लिहूनच काढू.

टेबल माझं, कारेलीबागेतल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधलं. त्याभोवती आम्ही चौघी. मी, मोबाइलवर व्हिडिओ बघून सगळं शिकणारी स्मिता, शेजारच्या प्रमिलाबेन, ज्या शाळेत भूमिती शिकवून रिटायर झाल्या आणि अजून आमच्या वाकड्या शिवणी उसवायला लावतात, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या मालतीकाकू.

काकूंच्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल काकूंच्या हातच्या गोधडीत झोपलंय. बारीक धावदोरा, एकसारखा, बघत राहावा असा. पण गेल्या वर्षापासून काकूंचे हात थरथरतात. सुईत दोरा आम्ही ओवून देतो, पण टाका कोण घालून देणार? आणि नेमकी यंदा त्यांची सून ऋचा गरोदर. मुलगा नीलेश समजुतीने म्हणाला, "आई, ऑनलाइन मागवू ना. छान मिळतात."

काकू आमच्याकडे येऊन म्हणाल्या, "बाळ आपल्या घरी येणार आणि पांघरूण कुरियरने?"

त्या दिवशी ठरलं. हात नाही तर मशीन. पण गोधडी काकूच करणार.

* * *

माझ्याकडे एक जुनं पायमशीन आहे, पण त्यावर ब्लाउजच्या पलीकडे काही होत नाही. जाड थर खाली गेला की सुई अडते. स्मिता म्हणाली, "तुम्ही काळजीच करू नका," आणि तिने फोनवरून मशीन मागवलं.

खोक्यातून निघालं ते डब्याएवढं. गुलाबी. सेलवर चालणारं. काकूंनी साड्यांची जाड घडी त्याच्या सुईखाली सरकवली, तर मशीनच दिसेनासं झालं. आम्ही घडी उचलली, तेव्हा ते आडवं पडलेलं होतं आणि घरघर करत होतं.

काकू म्हणाल्या, "स्मिता, आधी ह्यालाच एक दुपटं शिवून घालू गं."

* * *

मग आम्ही निजामपुऱ्यातल्या एका दुकानात गेलो. गुजराती दुकानदार फार उत्साही. पातळ, खळ लावलेल्या कापडावर त्याने मशीनकडून बदकं काढून दाखवली. मग फुलं. मग इंग्रजीत नाव. म्हणाला, "बा, जे जोइए ते डिझाइन."

काकूंनी पिशवीतून आपल्या जुन्या गोधडीची गुंडाळी काढली आणि म्हणाल्या, "ही घाल सुईखाली."

तो दचकला. "बा, कपडां सिवाय. गादलुं ना सिवाय." म्हणजे कपडे शिवता येतात, गादी नाही.

"मग काय तुझ्या बदकांवर मूल निजवू?"

त्याने हसत हसत आतून दुसरं मशीन काढलं. साधं, वजनदार, आणि सुईच्या उजव्या बाजूला भरपूर मोकळी जागा असलेलं. ती जागा महत्त्वाची, हे आम्हाला तेव्हा कळलं. गोधडीची गुंडाळी तिथूनच सरकते. प्रमिलाबेननी गुंडाळी दोनदा आरपार काढून बघितली आणि मग मान हलवली.

* * *

मशीन घरी आलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांचे चेहरे उतरले. काकूंचा पायही थरथरतो, हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पेडलवर पाय ठेवला की मशीन झटका द्यायचं, थांबायचं, पुन्हा झटका. मी अ‍ॅक्टिव्हा शिकत होते तेव्हाची माझी गत.

काकूंनी पाय काढून घेतला आणि पदर सारखा करत बसल्या. मला फार वाईट वाटलं.

स्मिताने तोवर व्हिडिओ उघडला होता. "अहो, पेडल काढून टाकायचं. हे बटण दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. आणि वेग इथे." वेगाच्या पट्टीवर एका टोकाला सशाचं चित्र होतं, दुसऱ्या टोकाला कासवाचं.

"कुठे ठेवू, काकू?"

"कासवावर ठेव. सशाचं काय झालं ते आम्हाला शाळेत शिकवलंय."

* * *

पुढचा घोळ थरांचा. वरची साडी पुढे पळायची, खालची मागे राहायची, आणि मधे ही सुरकुती. त्यासाठी वॉकिंग फूट नावाचा एक जाड पाय मशीनला वेगळा बसवावा लागतो. तो कापड वरूनही ओढतो, त्यामुळे सगळे थर बरोबरीने चालतात. मी काकूंच्या घरी हे उत्साहाने सांगत होते. काकूंचे यजमान सोफ्यावर गुडघ्याला पट्टा बांधून पेपर वाचत होते. ऑपरेशन करावं की नाही, हा त्यांच्या घरचा जुना विषय.

पेपर खाली करून काका म्हणाले, "मशीनला महिन्याभरात नवीन पाय बसला. आमची फाइल कुठवर आलीय?"

* * *

खऱ्या गोधडीआधी सरावाला एक लहान गोधडी करायची ठरली. काकूंनी कासवाच्या वेगाने ती बऱ्यापैकी शिवली. शेवटचा कोपरा राहिला आणि काकूंनी कनवटीतून तांदूळ काढले.

काकूंच्या माहेरची पद्धत आहे. कोपरा बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ ठेवायचे. गोधडी उपाशी राहू नये आणि ती पांघरणाराही. हाताने शिवताना सुई दाण्याला वळसा घालून जाते. मशीनला कुठलं कळायला? कट्ट असा आवाज झाला, सुईचं टोक उडालं आणि मशीन अडकून बसलं.

दुरुस्तीवाला घरी आला. खालची पट्टी उघडून त्याने ब्रशने कणी बाहेर काढली आणि तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बेन, आ सिलाई मशीन छे. घरघंटी नथी."

त्यानंतर तांदळाचा कोपरा तेवढा मी हाताने शिवायचा, असं ठरलं.

* * *

कापडाची गंमत तर वेगळीच. बाळाला नवं, कोरं कापड लावायचं नाही. वापरून मऊ झालेलंच हवं, हा काकूंचा नियम. ऋचा बिचारी हौसेने जिराफांची चित्रं असलेलं सुती कापड घेऊन आली. गोधडीला मागून लावा म्हणाली. नियम मोडवेना आणि सुनेचं मनही मोडवेना. काकू "बघते" म्हणाल्या.

आठवड्याभराने ऋचाचा मला फोन. आवाज घाबरलेला. "मावशी, बाबांना काही झालंय का? ते जिराफांची लुंगी नेसून कुंड्यांना पाणी घालतायत. सगळी सोसायटी बघतेय."

मी धावत गेले. काका खरंच कुंड्यांपाशी उभे होते. कापडाला टीप मारून काकूंनी ते त्यांना नेसायला दिलं होतं. रोज धुवायचं, रोज नेसायचं, म्हणजे डोहाळजेवणापर्यंत जुनं होईल.

मी म्हटलं, "काका, हे काय?"

काका शांतपणे म्हणाले, "नातवंडासाठी झिजतोय."

* * *

आता शेवटचं. हे गेल्या बुधवारचं.

ऋचाला नववा लागलाय. काकूंची गोधडी शिवून झाली होती. वेग कासवावर, पाय मोकळे, सगळं बरोबर होतं. पण कापड पुढे सरकवायला हात लागतातच, आणि हात तर थरथरतात. प्रमिलाबेननी पट्टी लावून खडूने आखून दिलेल्या रेषा एकीकडे आणि काकूंची शिवण दुसरीकडे. कधी रेषेच्या ह्या बाजूला, कधी त्या. पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत.

काकूंनी गोधडी उलट बाजूने घडी करून पिशवीत भरली होती. आम्हाला दाखवेनात.

"राहू दे. मीच नीलेशला सांगते, मागव म्हणून. माझ्या बाकीच्या गोधड्या घरात आहेत. त्यांच्याशेजारी ही कशी ठेवू?"

स्मिता म्हणाली, "असं काय करता, काकू, छानच असणार." काकूंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्मिता सगळ्यालाच छान म्हणते.

प्रमिलाबेननी पिशवी ओढली आणि गोधडी टेबलावर पसरली. ह्या बाईने माझी उशीची खोळ तीनदा उसवायला लावली आहे. खोटं बोलणं त्यांना जमत नाही. नातवाच्या चित्रालाही त्या "सूर्य जरा गोल काढ" म्हणतात.

त्यांनी चष्मा पुसला. एका शिवणीवर बोट ठेवलं आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. मग दुसऱ्या शिवणीवर. मग तिसऱ्या. बाहेर भाजीवाल्याची हातगाडी थांबून पुढेही गेली, तरी त्यांचं बोट चालूच.

शेवटी म्हणाल्या, "मालतीबेन, ही शिवण मला शिकवा. माझ्या मुलीकडे गोधडी द्यायची आहे."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. मग काकूंनी गोधडी आपल्याकडे ओढली, उलटीची सुलटी केली आणि शिवण वर दिसेल अशी सावकाश घडी घातली.

"तुला नाही जमायचं, प्रमिला," त्या म्हणाल्या. "तुझा हात फार सरळ आहे."