श्रीखंडासाठी बाहेर काढलेला समुद्र

समुद्रावर मी कधी गेले नाही. समुद्राचा चिखल मात्र धुळ्यात बघायला मिळेल, असं भाची रेवती म्हणाली, म्हणून मे महिन्याच्या उन्हात रावेरहून निघाले. धुळ्याच्या एका कॉलेजात ती खाडीच्या चिखलातले जंतू वाढवते. दुसऱ्या जंतूंना दूर ठेवायला ते जी द्रव्यं सोडतात, त्यांत एखादं नवं औषध आहे का, हे शोधते. दर वेळी जुनंच, माहीत असलेलं द्रव्य निघायचं. या वेळचं कशाशीच जुळत नव्हतं. आमच्या यांच्या पायाची जखम कुठल्याच औषधाला जुमानली नाही. तेव्हापासून मी या विषयावर हाती लागेल ते वाचते.

सकाळची एसटी धरा, बायकांना अर्धं तिकीट. जळगावला गाडी बदलायची, मग एरंडोल, पारोळा. रस्ता मोठा झालाय, सावली गेलीय. पारोळ्याच्या ढाब्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी घ्या. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा.

कॉलेजात पोचले तर रेवती रडत होती. तिच्या जंतूंच्या नळ्या खिडकीत उन्हात, आणि फ्रिजमध्ये श्रीखंडाचे डबे!

"अक्का, मना काय गुन्हा शे?" शिपाई म्हणाला. "सरनी सांगं, मी काढं."

सर आले. "पाहुणे यायचेत हो. चिखल काय, पुन्हा आणता येतो."

"आणि त्यातला तोच जंतू? तो तुमचे पाहुणे आणणार?"

"आपण कोण?"

"हिची मावशी. माझा नवरा औषधाची वाट बघत गेला. तुम्ही श्रीखंड खा."

कोण जगलंय ते बघायला रेवतीने प्रत्येक नळीतलं थोडं थोडं खारट खाद्याच्या ताटल्यांवर पसरलं. मी तिच्याकडे राहिले. एकाच ताटलीत वाढ दिसली. नवं द्रव्य सोडणारा तोच की दुसरा, ते तपासल्यावर कळेल.

रावेरला येऊन मी माझा फ्रिज रेवतीसाठी धुळ्यावरून सुरतेला जाणाऱ्या केळीच्या ट्रकात चढवला. ड्रायव्हर हसला, "अक्का, कोणाचं लगीन?"

"जंतूंचं. जपून ने."

माठाचं पाणी पुरतं मला. राग मात्र निवलेला नाही. फ्रिजच्या दारात यांची उरलेली दोन इंजेक्शनं होती, इतकी वर्षं टाकवली नाहीत. आता ती फडताळात ठेवलीत. त्यांना गार ठेवून कुणाचं काय भलं झालं?